पूरग्रस्तांचे आचार्य

गंगा आणि ब्रह्मपुत्रा या दोन महानद्या व त्यांना मिळणाऱ्या शेकडो लहानमोठ्या नद्या यांनी वाहून आणलेल्या गाळावर बंगालची भूमी घडली आहे. दर पावसाळ्यात या नद्या काठ ओलांडतात, शेतांवर गाळाचा नवा थर पसरवतात आणि ओसरून जातात. त्या गाळावर भाताचे पीक डोलते. म्हणून तेथील शेतकरी पाण्याला जसा भितो, तशी पाण्याची वाटही पाहतो. परंतु एखाद्या वर्षी हेच पाणी मर्यादा सोडते आणि ज्या नदीने अन्न दिले, तीच नदी घरदार, गुरे व धान्य घेऊन जाते. अशा वेळी संकटात सापडलेल्या खेड्यापाड्यांच्या साहाय्यास धावून जाणे हे कोणाचे काम? राज्यकर्त्यांचे, असे उत्तर कोणीही सहज देईल. इ. स. १९२२ मध्ये मात्र हे काम रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आपल्या शिरावर घेतले. त्या वेळी त्यांच्या वयाला एकसष्ट वर्षे पूर्ण झाली होती आणि प्रकृती तर बालपणापासूनच नाजूक होती. त्यांचे नाव आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी खुलना भागातील रारुली या खेड्यात झाला. कपोताक्ष नदीच्या काठी वसलेले हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार असले तरी विद्येचे मोठे चाहते होते. त्यांच्या घरी उत्तम ग्रंथसंग्रह होता आणि आपल्या गावात शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून ते झटत असत. मुलांना चांगले शिक्षण मिळावे या हेतूने इ. स. १८७० मध्ये हे कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. तेथे प्रफुल्लचंद्रांचे शिक्षण सुरळीत चालू असतानाच त्यांना आमांशाच्या दुखण्याने गाठले. दुखणे इतके विकोपाला गेले की, त्यांना शाळा सोडून दीर्घकाळ घरी बसावे लागले. दुसरा एखादा मुलगा अशा वेळी खचून गेला असता. या मुलाने वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके एकामागून एक वाचून काढली. त्या आजाराने त्यांचे शरीर कायमचे दुबळे केले, पण त्यांना दोन मोलाच्या सवयी लावून दिल्या. एक वाचनाची आणि दुसरी मोजून-मापून जगण्याची. आहार, विश्रांती, काम आणि फिरणे या साऱ्यांच्या वेळा त्यांनी ठरवून घेतल्या आणि त्या आयुष्यभर पाळल्या.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते इ. स. १८८२ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात गेले. इ. स. १८८७ मध्ये तेथील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी त्यांनी संपादन केली आणि पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले. एवढी विद्या असूनही त्यांना जवळजवळ वर्षभर नोकरीवाचून राहावे लागले. वरच्या दर्जाच्या शिक्षणसेवेत त्या काळी युरोपियनांचाच भरणा असे. अखेर इ. स. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना दरमहा अडीचशे रुपयांची जागा मिळाली. या अन्यायाची खंत त्यांना होती. पण तिच्यामुळे त्यांनी आपल्या कामात कधी कुचराई केली नाही. वर्गात त्यांचे प्रयोग पाहताना विद्यार्थी देहभान विसरत. इ. स. १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट या संयुगाविषयीचे त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगातील रसायनशास्त्रज्ञांत त्यांचे नाव दुमदुमू लागले. प्राचीन भारतातील रसायनविद्येचा इतिहासही त्यांनी जुनी हस्तलिखिते धुंडाळून लिहिला. त्याचा पहिला खंड इ. स. १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुशिक्षित तरुणांनी केवळ कारकुनीच्या मागे न लागता देशात उद्योग उभारावेत, असे त्यांना मनापासून वाटे. परंतु उपदेश करून ते थांबले नाहीत. आपल्या राहत्या घरातच औषधे व रसायने तयार करण्याचा उद्योग त्यांनी इ. स. १८९२ मध्ये अत्यल्प भांडवलावर सुरू केला. कॉलेजातून परतल्यावर ते संध्याकाळी या कामाला लागत. त्यातूनच पुढे बंगाल केमिकल हा मोठा कारखाना उभा राहिला. त्याचे भवितव्य स्थिरावले, तेव्हा त्यापासून स्वतःला धनलाभ व्हावा अशी इच्छा मात्र त्यांनी कधी धरली नाही.

या काळात महाराष्ट्राचे थोर पुत्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यास राहत. प्रफुल्लचंद्र त्यांचे शेजारी होते आणि दोघांचा स्नेह जडला होता. इ. स. १९०२ च्या प्रारंभी गांधीजी गोखल्यांकडे पाहुणे म्हणून राहिले असता गोखल्यांनी त्यांची प्रफुल्लचंद्रांशी ओळख करून दिली. या प्राध्यापकाला दरमहा आठशे रुपये वेतन मिळते, त्यातील चाळीस रुपये स्वतःसाठी ठेवून बाकीचे सारे ते लोककार्याला देतात आणि त्यांनी विवाहही केलेला नाही, अशी ती ओळख होती. गांधीजींच्या मनावर तिचा ठसा कायमचा उमटला. इ. स. १९१६ मध्ये प्रफुल्लचंद्र कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले आणि तेथीलच एका खोलीत राहू लागले. साधी शय्या, थोडे कपडे, पुष्कळ पुस्तके आणि आश्रयाला असलेले काही गरीब विद्यार्थी एवढाच त्यांचा संसार. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर विद्यापीठाकडून मिळणारे सर्व वेतन त्यांनी विद्यापीठालाच परत देण्यास आरंभ केला. सरकारने त्यांना इ. स. १९१९ मध्ये सर ही पदवी दिली होती. पण लोकांनी त्यांना आचार्य म्हटले आणि तेच नाव चिरंतन झाले.

इ. स. १९२१ मध्ये त्यांच्या जन्मभूमीत, खुलना जिल्ह्यात, दुष्काळ पडला. लोक अन्नान्न करू लागले. प्रयोगशाळेत बसून हे ऐकत राहणे आचार्यांना अशक्य झाले. ते स्वतः झोळी घेऊन निघाले. त्यांनी निधी जमविला, स्वयंसेवक जमविले आणि गावोगाव धान्य व वस्त्रे पोहोचविली. संकटनिवारणाच्या कार्याचा हा त्यांचा पहिला मोठा अनुभव होता. या कार्यात करुणा तर हवीच, पण तिच्या जोडीला चोख व्यवस्था नसेल तर दात्याचे दान गरजवंताच्या हाती पडत नाही, हे त्यांना तेथे पुरते उमगले. लवकरच या अनुभवाची कसोटी लागावयाची होती.

इ. स. १९२२ च्या सप्टेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा होता. दुर्गापूजा तोंडावर आली होती. बंगालमध्ये हा वर्षातील सर्वांत आनंदाचा काळ. पण उत्तर बंगालवर आकाश जणू फाटले. दिवसामागून दिवस मुसळधार पाऊस कोसळत राहिला. आत्रेयी नदी व तिच्या आसपासचे प्रवाह फुगले आणि राजशाही व बोगरा या जिल्ह्यांतील विस्तीर्ण प्रदेश जलमय झाला. मातीच्या भिंतींची घरे पाण्यात विरघळून खाली बसली. कोणी झाडावर चढून बसले, तर कोणी रेल्वेच्या उंच भरावावर गुराढोरांसह आश्रय घेतला. शेतात उभे असलेले भाताचे पीक पाण्याखाली कुजू लागले. कणगीतील धान्य भिजले, पेंढ्याच्या गंजी वाहून गेल्या आणि उरलेल्या गुरांपुढे टाकावयास वैरणीची काडी राहिली नाही. पाणी उतरू लागले, तेव्हा चिखल, दुर्गंधी आणि तापाची साथ एवढेच मागे उरले. थंडीचे दिवस जवळ येत होते आणि हजारो कुटुंबांच्या अंगावर धड वस्त्र नव्हते.

सरकारी यंत्रणा मंदगतीने हलत होती आणि मदत फार अपुरी होती. तेव्हा कलकत्त्यातील नागरिकांनी बंगाल रिलीफ कमिटी स्थापन केली व तिचे नेतृत्व आचार्यांकडे सोपविले. त्यांच्यापुढे संशोधनाची अनेक कामे पडली होती. वयाने व प्रकृतीने विश्रांतीचा हक्क त्यांना दिला होता. परंतु ज्या जनतेच्या पैशावर आपली प्रयोगशाळा चालते, ती जनता बुडत असताना आपण प्रयोगनळ्यांकडे पाहत बसणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले. त्यांनी देशाला आवाहन केले.

त्या आवाहनाला मिळालेला प्रतिसाद अपूर्व होता. संपन्न घरांतील स्त्रियांनी रेशमी वस्त्रे व दागिने दिले. ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते, त्यांनी अंगावरच्या दोन वस्त्रांपैकी एक दिले. थोड्याच काळात लाखो रुपये जमा झाले. या उत्साहाच्या मुळाशी आचार्यांविषयीचा विश्वास होता. जो मनुष्य स्वतःचे वेतनही स्वतःजवळ ठेवीत नाही, त्याच्या हाती दिलेला पैसा योग्य जागीच पोहोचणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. चाळीस वर्षांच्या निःस्पृह जीवनाचे पुण्य त्या एका प्रसंगी बंगालच्या उपयोगी पडले.

सायन्स कॉलेजाचे रूप पाहता पाहता पालटले. जेथे एरवी तराजू व रसायनांच्या बाटल्या असत, त्या वास्तूत कपड्यांचे ढीग आणि धान्याची पोती दिसू लागली. प्राध्यापक आणि विद्यार्थी कपडे निवडू लागले, गठ्ठे बांधू लागले, पत्रे लिहू लागले आणि आलेल्या पैशाची नोंद करू लागले. आचार्य या सर्वांमध्ये हिंडत, विचारपूस करीत, चुका दाखवीत आणि थकलेल्याच्या पाठीवर थाप मारीत. थापेचा जोर अंमळ अधिकच असे. पण ती मिळावी म्हणून विद्यार्थी धडपडत.

पूरग्रस्त प्रदेशातील मुख्य ठाणे सांताहार या रेल्वे जंक्शनवर उघडण्यात आले. तेथील कार्याची धुरा एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने सांभाळली. आदल्याच वर्षी सनदी नोकरीवर लाथ मारून स्वदेशी परतलेला आणि नुकताच तुरुंगातून सुटून आलेला हा तरुण म्हणजे सुभाषचंद्र बोस. पुढे नेताजी म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या या पुरुषाने संघटनेचे आरंभीचे धडे या चिखलातल्या वाटांवर गिरविले. त्यांच्याबरोबर शेकडो तरुण स्वेच्छेने गेले. मलेरियाचा तो मुलूख, पिण्यास गढूळ पाणी, निजावयास ओली जमीन. तरीही तरुण मागे हटले नाहीत.

पूरग्रस्तांना मदत करणे हे काम दुरून सोपे वाटते. धान्य घ्यावे आणि वाटून टाकावे, एवढेच ते आहे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात रेल्वे स्थानकाजवळच्या गावाला मदत सहज मिळते, काही वेळा दोनदाही मिळते. आणि जेथे नावेखेरीज जाता येत नाही अशा आडगावी, जेथे गरज सर्वांत मोठी असते, तेथे कोणी फिरकत नाही. धीट मनुष्य पुढे येऊन हात पसरतो. मानी मनुष्य, विधवा, म्हातारी माणसे घरातच उपाशी बसतात. म्हणून प्रदेशाची विभागणी करून ठिकठिकाणी केंद्रे उघडावी लागतात. कोणत्या घरी माणसे किती, अन्न किती उरले आणि वस्त्र आहे की नाही, याचा स्वयंसेवकांना दारोदार जाऊन तपास करावा लागतो. कलकत्त्याहून किती माल निघाला, वाटेत किती राहिला आणि कोणत्या केंद्रावर किती वाटला गेला, याचा मेळ घालावा लागतो. रसायनशास्त्रज्ञ तराजूत कणभर फरक पडला तरी प्रयोग पुन्हा करतो. हीच शिस्त आचार्यांनी लोकसेवेत आणली. कोणाच्या घरचे शेवटचे लुगडे दानात आले असेल हे सांगता येत नाही, मग त्यातले एकही वाया कसे जाऊ द्यावे, हा त्या काटेकोरपणामागचा भाव होता. त्या भागात बहुसंख्य शेतकरी मुसलमान होते. मदत करताना धर्म किंवा जात पाहण्याचा विचारही या कार्यात कोणाच्या मनाला शिवला नाही. पाण्याने भेद केला नव्हता, मग माणसाने तो का करावा?

पहिली निकड भागली आणि एक अवघड प्रश्न पुढे आला. पीक गेले होते. नवे पीक हाती येईपर्यंत कित्येक महिने काढावयाचे होते. तोवर लोकांना नुसते धान्य वाटत राहावे काय? तसे केले तर निधी संपणार, हे उघडच होते. पण आचार्यांना त्याहून मोठी भीती वाटत होती. कष्टाने जगणारा शेतकरी दानावर जगू लागला, तर पूर ओसरल्यावरही त्याचा स्वाभिमान वर येणार नाही. म्हणून लोकांना पुन्हा आपल्या पायांवर उभे करण्याकडे कमिटीने लक्ष वळविले. आचार्यांचे शिष्यतुल्य सहकारी आणि बंगाल केमिकलमधील रसायनशास्त्रज्ञ सतीशचंद्र दासगुप्त यांच्या पुढाकाराने आत्राई, तलोडा इत्यादी ठिकाणी सूतकताईचे काम सुरू झाले. चरख्याच्या उपयुक्ततेविषयी स्वतः आचार्यांच्या मनात पूर्वी शंका होती. पण रिकाम्या दिवसांत घरबसल्या चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रियांचे चेहरे त्यांनी पाहिले आणि त्यांची शंका मावळली. प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट मान्य करावयाची, मग ती आपल्या पूर्वमताविरुद्ध का असेना, हा शास्त्रज्ञाचा धर्म त्यांनी येथेही पाळला. पुढे त्यांनी गावोगाव फिरून खादीचा प्रचार केला.

आचार्यांची जिज्ञासा एवढ्यावर थांबणारी नव्हती. पूर का आला, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. पाऊस असामान्य झाला, हे खरेच होते. पण त्या सखल प्रदेशातून रेल्वेचे उंच भराव गेले होते आणि त्यांखालील मोऱ्या अरुंद होत्या. त्यामुळे पाण्याच्या वाहून जाण्याच्या वाटा अडतात व पाणी तुंबून राहते, हे तेथील लोक पाहत होते. आचार्यांनी हे गाऱ्हाणे निर्भयपणे जगापुढे मांडले. त्यांचे शिष्य आणि विख्यात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा हे या मदतकार्यात त्यांच्याबरोबर होते. साहांचे बालपण ढाक्याजवळच्या एका खेड्यात गरिबीत गेले होते आणि पावसाळ्यात होडीतून शाळेत जाणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. उत्तर बंगालच्या पुराविषयी त्यांनी लेख लिहिले आणि नद्यांचा शास्त्रीय अभ्यास देशात झाला पाहिजे, हा ध्यास त्यांनी पुढे आयुष्यभर घेतला. इ. स. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या दामोदर खोरे योजनेमागे त्यांच्या या चिंतनाचाही वाटा आहे. सरकारनेही पुराची चौकशी आरंभिली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उत्तर बंगालच्या सुमारे पन्नास वर्षांतील पावसाचा व पुरांचा अभ्यास केला. इ. स. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी असे दाखवून दिले की, खर्चिक जलाशय बांधून तेथील पूर आवरणार नाही. पाणी त्वरेने वाहून जाईल अशी व्यवस्था करणे हाच उपाय आहे. एका पुराने अशा रीतीने शास्त्राला खेड्यातल्या चिखलापर्यंत नेले.

संकटे वारंवार येतच राहिली आणि दर वेळी लोकांची दृष्टी सायन्स कॉलेजातील त्या साध्या खोलीकडे वळत राहिली. इ. स. १९३१ मध्ये बंगालवर पुन्हा महापुराचे संकट कोसळले, तेव्हा आचार्यांचे वय सत्तर होते. तरीही संकटत्राण समितीच्या द्वारे त्यांनी मदतीचे कार्य त्याच निष्ठेने चालविले. इ. स. १९३६ पर्यंत ते अध्यापन करीत राहिले. त्यांनी तयार केलेले विद्यार्थी देशभरच्या विद्यापीठांत व प्रयोगशाळांत पसरले. संतती नसलेल्या या ब्रह्मचाऱ्याचा परिवार असा अफाट होता. १६ जून १९४४ रोजी, जेथे त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे घालविली त्या सायन्स कॉलेजातील खोलीतच, शिष्यांच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला.

आचार्य प्रफुल्लचंद्रांनी शोधलेली संयुगे रसायनशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहेत आणि त्यांनी काढलेला कारखाना उद्योगाच्या इतिहासात. पण उत्तर बंगालच्या ज्या शेतकऱ्यांना रसायनशास्त्राचे नावही ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी ते ऐन संकटात आपल्या दारापर्यंत धान्य पोहोचविणारे वृद्ध गृहस्थ होते. दुसऱ्याचे दुःख पाहून डोळ्यांत पाणी येणे हे चांगल्या मनाचे लक्षण आहे. पण ते पाणी पुसून वही काढणे, घरे मोजणे, धान्य मोजणे आणि सर्वांत दूरच्या झोपडीपर्यंत चिखल तुडवीत जाणे, हे थोर मनाचे लक्षण आहे. नद्या आजही काठ ओलांडतात आणि गावे आजही पाण्याखाली जातात. तेव्हा आचार्यांनी घालून दिलेली ही वाट सेवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल.